लेखनिक नको, की-बोर्ड द्या: पुण्यात विद्यापीठाची परीक्षा संगणकावर देण्यासाठी काय काय करावं लागतं

मी अंध आहे. एस.वाय.बी.ए.ला अर्थशास्त्राच्या पेपरला माझी लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी, अकरावी सायन्सची मुलगी होती. गुणी पोरगी, पण 'अल्पविक्रेताधिकार' हा शब्द तिनं जन्मात ऐकलेला नव्हता. मी सांगितला, तिनं लिहिला, मी अक्षरं फोडून पुन्हा सांगितला, तिनं खोडला. पाच मिनिटं त्या एका शब्दात गेली. शेवटी कागदावर काय उमटलं ते मला दिसणं शक्यच नव्हतं. त्या पेपरला ४१ मार्क पडले. ते माझ्या अभ्यासाचे की तिच्या अक्षराचे, हे आजतागायत कळलेलं नाही.

टी.वाय.ला मी पहिल्यांदा संगणकावर पेपर दिला. कानाला हेडफोन, समोर साधा की-बोर्ड, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मी स्वतः परत ऐकू शकत होते. खोडायचं तर मीच खोडत होते. ती सोय मिळवायला मला जवळजवळ एक सत्र लागलं, आणि त्यातला निम्मा वेळ काय मागायचं हेच माहीत नसल्यामुळे गेला. बार्शी, नांदेड, धुळे, कुठून कुठून पोरं पुण्यात कॉलेजला येतात. त्यांतल्या अंध, अल्पदृष्टी, हातानं लिहिता न येणाऱ्या, डिस्लेक्सिया-डिसग्राफिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) असणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. कॉलेजातल्या परीक्षा विभागाच्या मंडळींनी वाचलं तरी त्यांचा वेळ वाचेल.

सुरुवात कधी करायची

प्रवेश घेतल्याच्या आठवड्यात. परीक्षेचा फॉर्म भरताना जागं होणाऱ्याला लेखनिकच मिळतो, कारण तेवढ्या दिवसांत कॉलेजला तेवढंच जमतं. हिवाळी सत्राचे पेपर ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, म्हणजे गणपतीच्या आधी तुमचा अर्ज कॉलेजच्या आवक-जावक रजिस्टरला चढलेला हवा. गणपतीत पुण्यातलं कुठलंच ऑफिस धड जागेवर नसतं. नंतर नवरात्र, मग दिवाळी.

आधी एक गोष्ट विचारून घ्या: तुमची परीक्षा घेतं कोण? कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल, तर अर्ज कॉलेजातून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जातो. फर्ग्युसनसारखं स्वायत्त कॉलेज असेल, तर प्रश्नपत्रिका कॉलेजच काढतं आणि निर्णय तिथल्या परीक्षा नियंत्रकांच्या हातात असतो. हे बरंच सोपं पडतं. सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे. सिंबायोसिस, भारती, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांची व्यवस्था आपापली. चुकीच्या दारात महिना घालवलेली मुलं मी पाहिलीत.

कागद

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर ते देशभर चालतं. तुम्ही लातूरहून आलात म्हणून पुण्यात नव्यानं काढायला कुणी सांगितलं, तर ऐकू नका. कार्ड नसेल तर ऑनलाइन अर्ज करून तपासणीची तारीख घ्यावी लागते; पुण्यात त्यासाठी ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. सकाळी लवकर जा, डबा घेऊन जा.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय अपंगत्व. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी या तिघांना केंद्र सरकारच्या दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठीच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे नुसत्या मागणीवर लेखनिक मिळतो. बाकीच्यांना आणखी एक कागद लागतो: 'या विद्यार्थ्याला हातानं लिहिण्यात अडचण आहे' असं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र. तो नमुना आपण छापून न्यायचा. रुग्णालयात तो असेलच या भरवशावर राहू नका.

डिस्लेक्सियावाल्यांनी जरा थांबून वाचा. शाळेत दहावीसाठी काढलेलं प्रमाणपत्र कॉलेजात चालेलच असं नाही. त्यावरची मुदत बघा. वय १८ झालं की पुन्हा तपासणी करून नवं घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच वय एफ.वाय.ला असतं. इथंच खूप जण अडकतात.

४० टक्क्यांच्या खाली असाल तरी हातपाय गाळू नका. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं की लिहिण्यात अडचण असलेल्या माणसाला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येत नाही. त्या उमेदवाराला लिहिताना बोटं आखडण्याचा त्रास होता. पुढं १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. ३ फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार खटल्याच्या निकालात न्यायालयानं पुन्हा तेच बजावलं, वर सूचना नव्यानं तपासायलाही सांगितलं. म्हणून अर्ज करायच्या दिवशी सर्वांत ताजं परिपत्रक हाताशी ठेवा. मागच्या वर्षीच्या सीनियरची झेरॉक्स पुरत नाही.

नेमकं काय हवं ते आधी स्वतःला विचारा

'मला सहायक तंत्रज्ञान हवं' असं लिहिलेल्या अर्जावर समोरचा काय करणार? तो फाइलला लावणार. जे हवं ते नावानिशी सांगा.

पूर्ण अंध असाल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए हे फुकट मिळतं, पेनड्राइव्हवरून न बसवताही चालतं आणि त्याच्या सोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पहिले आठ दिवस डोकं दुखतं, मग कान सरावतात. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर महाग आहे. कॉलेजकडे असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका.

अल्पदृष्टी असेल तर स्क्रीन मोठी करणारं मॅग्निफायर विंडोजमध्येच असतं. काळ्यावर पिवळी किंवा पांढरी अक्षरं हवी असतील तर तेही लिहा. छापील प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात मागत असाल तर अक्षराचा आकडा द्या, १८ की २४. आकडा दिला नाही तर ए-फोर कागद झेरॉक्स मशीनवर ए-थ्री करून देतात. अक्षर मोठं होतं पण पुसट होतं, आणि बाकावर तो कागद मावत नाही.

हाताचा प्रश्न असेल तर तुमचा स्वतःचा की-बोर्ड, ट्रॅकबॉल, बदललेला माउस. इथं एक बारकावा आहे. २०१८ च्या सूचनांमध्ये स्वतःचा लॅपटॉप वापरायला परवानगी नाही. संगणक परीक्षा केंद्राचा. पण की-बोर्ड, खास माउस अशी जोडसामग्री स्वतःची नेता येते. त्याच सूचनांमध्ये बोलणारं गणनयंत्र, टेलर फ्रेम (अंधांची गणिताची पाटी), ब्रेल पाटी, अबॅकस, भूमितीचा संच, ब्रेल मोजपट्टी यांची नावं स्पष्ट घातलेली आहेत. आकडेमोडीचा पेपर असेल आणि त्याला कॅल्क्युलेटर चालत असेल तर बोलणारा कॅल्क्युलेटर नक्की मागा.

डिसग्राफिया असेल तर नुसतं टायपिंग मागून भागतं. शुद्धलेखन तपासनीस आणि पुढचा शब्द सुचवणारी सोय आम्ही बंद ठेवू, असं आपणच लिहून द्या. पर्यवेक्षकाला पहिली शंका तीच येते.

कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्राला तर परवानगीची गरजच काय, असं वाटतं. पण हल्लीची यंत्रं ब्लूटूथवाली असतात, आणि भरारी पथकातल्या अनोळखी माणसाला ती इअरफोनसारखी दिसतात. हॉल तिकिटासोबत दोन ओळींचं पत्र असू द्या. तोंडी सूचना लेखी मिळाव्यात हेही त्यातच मागा.

बोलून टायपिंग करायचा मोह होतो. मराठीसाठी ते बहुतेक वेळा इंटरनेटवर चालतं आणि परीक्षेच्या खोलीत इंटरनेट नसणार. त्याच्यावर विसंबू नका.

आता थोडं कडू. मराठी टायपिंग मिनिटाला पंधरा शब्दांच्या आत असेल, तर या सत्राला लेखनिकच घ्या. हे माझं मत आहे, नियम नाही. घरी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर टाइप करून बघा. तिसऱ्या प्रश्नाला खांदे भरून आले तर समजायचं. अंतर्गत परीक्षा, ट्यूटोरियल, असाइनमेंट यांना टायपिंगची परवानगी आधी मागा. तिथं चुकलं तर फार बिघडत नाही आणि कॉलेजलाही सवय होते. गणित-संख्याशास्त्राच्या पेपरला आलेख असतील तर संगणक आणि लेखनिक असं दोन्ही मागता येतं. वेगवेगळ्या पेपरला वेगळा लेखनिकही चालतो, विशेषतः भाषेच्या पेपरांना.

अर्ज

मी ज्या साच्यात अर्ज दिले तो असा. आपलं नाव-गाव घालून वापरा.

*प्रति,*
*मा. प्राचार्य,*
*(कॉलेजचे नाव), पुणे*

*विषय: हिवाळी सत्र परीक्षा संगणकावर, स्क्रीन रीडरच्या साहाय्याने देण्याची सोय मिळण्याबाबत.*

*महोदय/महोदया,*

*मी प्रथम वर्ष कला शाखेत शिकत असून माझा पीआरएन (क्रमांक) आहे. मी पूर्ण अंध आहे. युडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १७ आणि केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या व त्यानंतरच्या ताज्या मार्गदर्शक सूचना यांनुसार मला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती:*

*१. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि मराठी आवाज असलेला, इंटरनेट नसलेला संगणक.*
*२. प्रश्नपत्रिका युनिकोड मराठीत, वर्ड फाइलच्या स्वरूपात. ते शक्य नसल्यास प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्यासाठी वाचक.*
*३. दर तासाला २० मिनिटे भरपाईचा वेळ.*
*४. तळमजल्यावर स्वतंत्र खोली.*
*५. परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक तपासण्याची संधी.*
*६. उत्तरांची छापील प्रत माझ्यासमोर काढून मुख्य उत्तरपत्रिकेला जोडण्याची व्यवस्था.*

*याबाबतचा निर्णय मला लेखी कळवावा.*

*आपली विश्वासू,*

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर हसून म्हणायचं, 'काका, पोच तेवढी द्या.' पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समजा. लिहिताना 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य माझ्या हातून पहिल्या अर्जात आपोआप आलं होतं. नंतर काढून टाकलं. सहानुभूतीचा विषय नव्हताच, कलम १७ चा होता: अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करणं, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्यात आहे.

'वरून काही आलेलं नाही' हे उत्तर तुम्हाला मिळणारच. त्यावर वाद घालू नका. २०१८ च्या सूचनांची छापील प्रत पुढं ठेवा आणि ज्या ओळीत ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करणं यांतून पर्याय निवडू द्यावा असं म्हटलंय, ती ओळ आधीच पेनानं अधोरेखित करून न्या. कारकुनाला कायदा नको असतो, आधार हवा असतो. फाइलला लावायला कागद मिळाला की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

फॉन्टची भानगड

परवानगीचं पत्र हातात आलं की मुलं पेढे वाटतात. मीही वाटले होते. मग सराव म्हणून कॉलेजनं जुन्या प्रश्नपत्रिकेची फाइल दिली, मी एनव्हीडीए लावलं आणि कानात आलं: 'एक्स, के, स्वल्पविराम, तिरपी रेघ, डॉलर.' शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, अगं, मराठीच दिसतंय की स्पष्ट!

दिसत होतं, कारण ते डोळ्यांसाठी बनवलेलं होतं. युनिकोड, म्हणजे मराठीच्या प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःची ओळख देणारी पद्धत, येण्याआधी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट आले, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवतात. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, वर दिसतो 'क'. माणूस वर बघतो, स्क्रीन रीडर आत बघतो. श्रीलिपी पुण्यातल्या कंपनीची. सुरेख, योगेश हे फॉन्ट सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे, म्हणजे पुन्हा पुण्याचेच. त्या काळात मराठी पुस्तकं, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका संगणकावर आल्या त्या यांच्याच जोरावर, त्यामुळं त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. अडचण एवढीच की टायपिस्टचा हात त्यांवर बसला आणि पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांच्या जुन्या फाइली अजून त्याच फॉन्टमध्ये आहेत.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. त्यात तर अक्षरंच नसतात, फोटो असतो. स्क्रीन रीडर म्हणतो 'रिकामं'.

म्हणून अर्जातला दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा धरा आणि फॉन्टचा प्रश्न तोंडी समजावून सांगा, शक्य तर संगणकावर वाजवून दाखवा. मी आमच्या परीक्षा विभागातल्या मॅडमना हेडफोन दिला होता. दहा सेकंद ऐकून त्यांनी तो काढला आणि टायपिस्टला बोलावलं. कागदोपत्री दोन महिन्यांत जे झालं नव्हतं, ते त्या दहा सेकंदांत झालं.

फाइल ओळखायची सोपी युक्ती: फाइलमधला एखादा शब्द कॉपी करून फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी दिसला तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट. त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर होतं, पण जोडाक्षरं एकदा डोळस माणसाकडून तपासून घ्यावी लागतात.

संलग्न कॉलेजांत आणखी एक पेच आहे. बऱ्याच ठिकाणी प्रश्नपत्रिका त्याच दिवशी ऑनलाइन येते आणि केंद्रावर छापली जाते. तेव्हा वर्ड फाइल मिळवणं केंद्राच्या हातात नसतं. म्हणून वाचकाचा पर्याय अर्जात आधीच घातलाय. प्रश्न वाचक वाचणार, उत्तर आपण टाइप करणार. पूर्ण मनासारखं नाही, तरी उत्तर आपल्या हातचं राहतं. आकृतीवरचा प्रश्न असेल तर त्याला पर्यायी प्रश्न हवा, हेही आधी लेखी मागायचं. पेपर हातात आल्यावर कुणी काही करू शकत नाही.

मराठी की-बोर्ड

घरी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार दाबून मराठी उमटवणारा) की-बोर्ड वापरत असाल तर सावध. केंद्रावरच्या विंडोजमध्ये मराठी की-बोर्ड जोडला की सहसा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या मांडणीचा, येतो. दोन्हीतला फरक परीक्षेच्या खोलीत कळला तर पेपर गेलाच समजा. माझा सल्ला इनस्क्रिप्ट शिकण्याचा. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, महिनाभर रोज अर्धा तास. एकदा बोटांत बसला की विसरत नाही. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' यांतला ऱ्य न जमल्यानं निम्मे लोक 'दुसर्या' लिहून मोकळे होतात. शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. एवढंच आहे ते. भाषेच्या पेपरला याचे मार्क जातात.

एनव्हीडीएतल्या दोन कळा पाठ करा. इन्सर्ट आणि एफ-१२ दाबलं की वेळ सांगतो, म्हणजे पर्यवेक्षकांना दर दहा मिनिटांनी विचारावं लागत नाही. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की तिथून पुढचं सगळं वाचून दाखवतो.

शिकायला जागा हवी असेल तर विश्रांतवाडीजवळ विद्यानगरला निवांत अंध मुक्त विकासालय आहे. कॉलेजात शिकणाऱ्या अंध मुलांसाठीच ते काम करतं. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनही जुनी संस्था आहे. बाकी, वसतिगृहातला एखादा सीनियर गाठा. संस्थेत शिकवतात ते एनव्हीडीए, सीनियर शिकवतो ते कॉलेजचं ऑफिस.

आदल्या दिवशी

२०१८ च्या सूचनांमध्ये संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा असं आहे. लेखनिक किंवा वाचक केंद्रानं दिलेला असेल तर त्याला दोन दिवस आधी भेटता येतं. दोन्ही हक्क वापरा.

तपासायला जाल तेव्हा पूर्ण पान टाइप करा, सेव्ह करा, छापा. नुसतं 'चालू होतंय' बघून परत येऊ नका. मराठी आवाज लागतो का, विंडोज आणि स्पेसबारनं भाषा बदलते का, आपला हेडफोन त्या संगणकाच्या खाचेत बसतो का (हल्ली बऱ्याचदा बसत नाही), प्रिंटरमध्ये शाई आहे का. खोलीत यूपीएस आहे का ते विचारा, त्यातही पेपर गुरुवारी असेल तर दोनदा विचारा. पुण्यात दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारी पाणी जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कधी कधी वीजही जाते.

पर्यवेक्षकांची एक शंका आधीच मिटवा. हेडफोनमध्ये ही मुलगी काय ऐकतेय, नोट्स तर नाहीत ना? एनव्हीडीएमध्ये स्पीच व्ह्यूअर म्हणून एक खिडकी आहे; जे कानात बोललं जातं ते तीत अक्षरांत दिसतं. ती सुरू ठेवली की पर्यवेक्षक निवांत बसतात.

पेपरच्या दिवशी

वेळेचा हिशेब तुम्हीच मांडून ठेवा. तासाला किमान २० मिनिटं: दीड तासाच्या पेपरला ३०, दोन तासांना ४०, अडीच तासांना ५०, तीन तासांना पूर्ण एक तास. याला आता भरपाईचा वेळ म्हणतात. 'एक्स्ट्रा टाइम' म्हटलं की मेहेरबानी वाटते, म्हणून शब्द बदलला असावा. मला तो बदल आवडला. पर्यवेक्षक बदलतात आणि दुसऱ्याला तुमचा वेळ माहीत नसतो, तेव्हा सुरुवातीलाच संपण्याची वेळ कागदावर लिहून घ्या.

परवानगीचं पत्र टेबलावर, उघडं. पिशवीत ठेवलेलं पत्र भरारी पथकाला दिसत नाही.

फाइलला नाव द्यायचं ते बैठक क्रमांकाचं, आपलं नाही. प्रत्येक पानाच्या वर बैठक क्रमांक आणि पान क्रमांक, प्रश्न क्रमांक डावीकडे ठळक. दर उत्तरानंतर कंट्रोल-एस. हे वाचून होय होय म्हणाल आणि विसराल. मी विसरले होते आणि अर्ध्या पानाचा महागाईवरचा उतारा दुसऱ्यांदा लिहिला होता, पहिल्यापेक्षा वाईट.

शेवटची दहा मिनिटं ऐकण्यासाठी ठेवा. कानाला चूक वेगळीच कळते.

नाही म्हणाले तर

नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे नकार विरघळतात. तरीही आला, तर विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे जुन्या अर्जाच्या पोचेसह नवा अर्ज. फाइल कुठं अडलीय ते कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, उत्तराची मुदत ३० दिवस.

त्याच्या वरचं दार म्हणजे राज्याचे दिव्यांग आयुक्त, आणि त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, कॅम्पात चर्च रोडला. गडचिरोलीच्या मुलाला त्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, आपण बसनं जातो. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित संस्थेला त्यावर काय केलं ते ३ महिन्यांत कळवावं लागतं. म्हणजे पेपर आठ दिवसांवर असताना या वाटेनं सोय हाती येईलच असं नाही; त्या आठ दिवसांत लेखनिक पक्का करा आणि तक्रार पुढच्या सत्रासाठी चालू ठेवा. पेपर सोडून निषेध करू नका. एका वर्षाची किंमत आपणच भरतो.

निकाल लागल्यावर

टी.वाय.च्या पहिल्या सत्रात माझ्या एका विषयापुढं 'अनुपस्थित' आलं. मी तर तीन तास बसून १३ पानं टाइप केली होती. चौकशीत कळलं की मुख्य उत्तरपत्रिका गठ्ठ्यात गेली ती कोरी, आणि माझी छापील पानं केंद्रावरच्या कपाटात एका प्लास्टिकच्या पाकिटात नीट जपून ठेवलेली होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता. टाइप केलेल्या उत्तरांचं काय करायचं हे त्या दिवशी खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. दुरुस्ती व्हायला सात आठवडे गेले.

तेव्हापासून मी खोलीतून उठायच्या आधी एवढं करून घेते. छापील पानं माझ्यासमोर मोजायची, प्रत्येक पानावर माझी सही किंवा अंगठा आणि पर्यवेक्षकांची सही. मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर त्यांच्या हातानं लिहून घ्यायचं: 'संगणकावर लिहिलेली १३ पाने सोबत जोडली आहेत.' मग पुरवण्यांना बांधतात त्याच पांढऱ्या दोऱ्यानं ती पानं उत्तरपत्रिकेला बांधायची, आणि गाठ बोटांनी चाचपून बघायची.